शांत राणी

गाडीच्या चाकांखाली खडी करकरली तशी वैजयंता उतेकरनं अंगणाचं फाटक आतून ओढून घेतलं आणि कडीत खुरपं अडकवलं. खुरप्यानं सरकारी माणसं अडत नाहीत हे तिला ठाऊक होतं. पण फाटक बंद असलं की हाक मारावी लागते, हाक मारली की थांबावं लागतं, आणि थांबलेल्या माणसाशी बोलता येतं. तेवढंच तिला हवं होतं.

तिच्या मागं बावीस मधपेट्या उभ्या होत्या. प्रत्येक पेटीचा पाय मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाटीत ठेवलेला. सकाळचे नऊ वाजले होते. समोरच्या उतारावर कारवी जांभळी फुलली होती आणि बावीस दारांतून माश्यांची ये-जा चालली होती. सगळ्या तांबडखोऱ्यात जुनी राणी असलेल्या एवढ्याच पेट्या उरल्या होत्या. बाकीच्या घरांतल्या राण्या उन्हाळ्यातच बदलून झाल्या होत्या.

गाडीतून आधी मध विभागाचे पर्यवेक्षक परांडेकर उतरले. त्यांच्यामागून दोन कामगार थंड पेटारा घेऊन उतरले. त्यात काड्यापेटीएवढ्या पिंजऱ्यांमध्ये नव्या राण्या होत्या. आणि सगळ्यात शेवटी, पाठीला पिशवी लावून, शर्वरी.

आपली पोरगी यांच्याबरोबर येणार हे वैजयंताला कुणी सांगितलं नव्हतं.

"आई, फाटक उघड."

"तू घरी आलीस का कामावर आलीस, ते आधी सांग."

शर्वरीनं खाली पाहिलं. "कामावर."

"मग हितनंच बोल."

या सगळ्याची सुरुवात चार वर्षांपूर्वी, २०४२ सालच्या पावसाळ्यानंतर झाली होती. परदेशी लाकडाच्या ओंडक्यांतून एक नवी गांधीलमाशी किनाऱ्यावर उतरली आणि दोन वर्षांत घाट चढून वर आली. अंगठ्याएवढी लांब, डोकं तांबूस. लोक तिला नुसतं 'तांबडी' म्हणू लागले. तिची रीत ठरलेली होती. आधी एकटी येते, पेटी हेरते आणि दारावर आपला वास लावून जाते. त्या वासावर तीस-चाळीस जणी येतात, दारातच एकेका मधमाशीचं मुंडकं छाटतात आणि दुपारपर्यंत पेटी रिकामी करून आतल्या अळ्या आपल्या पिल्लांसाठी उचलून नेतात.

आपल्या डोंगरातल्या सातेरी माशीला गांधीलमाश्या नव्या नव्हत्या. त्यांच्यावर तिच्याकडं फार जुना उपाय होता. हेरायला आलेली गांधील दारात उतरली की सातेरी डंख मारत बसत नाही. तो त्या कवचात शिरतच नाही. चारशे-पाचशे माश्या एकदम तिच्यावर झेपावतात, तिला मधे घेऊन घट्ट गोळा करतात आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतात. थंडीत माणूस कुडकुडला की अंगात ऊब येते, तशी त्या थरथरीतून उष्णता तयार होते. गोळ्याच्या पोटात तापमान शेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांपर्यंत चढतं. देशी गांधील पंचेचाळिसाच्या पुढं तग धरत नाही. सातेरी मात्र जवळजवळ पन्नाशीपर्यंत सोसते. दोघींच्या मरणात चार-पाच अंशांचं अंतर होतं आणि त्या अंतरात सातेरीची जात आजवर जगत आली होती.

तांबडी त्या हिशेबात बसली नाही. शर्वरीनंच ते मोजलं होतं. पुण्यातल्या ज्या केंद्रात ती संशोधक होती, तिथल्या काचेच्या गरम कपाटात तिनं साठ तांबड्या ठेवल्या, अर्ध्या-अर्ध्या अंशानं तापमान वाढवत नेलं. अठ्ठेचाळिसाला पोचेपर्यंत एकही मेली नाही. याचा अर्थ सरळ होता. सातेरी गोळा करणार, स्वतः भाजणार, दमणार, आणि आतली तांबडी जिवंतच बाहेर पडणार.

त्या अहवालावर पुढचं सगळं उभं राहिलं. 'राखणदार' नावाचं मुठीएवढं यंत्र आलं. ते पेटीच्या दारावर बसायचं, पंखांच्या आवाजावरून गांधील ओळखायचं आणि सुईएवढ्या लेसर किरणानं तिचे पंख जाळायचं. दाट धुक्यात ते आंधळं व्हायचं, एरवी चोख. अडचण माश्यांचीच होती. गांधील दिसली की सातेरी गोळा करायला धावायची, किरणाच्या वाटेत यायची आणि शेकड्यांनी मरायची. म्हणून केंद्रानं 'शांत राणी' तयार केली. तिच्या जनुकांत एकच बारीक दुरुस्ती होती. तिच्या लेकी गांधील आली की मुकाट आत सरकायच्या. गोळा करण्याची ओढच त्यांच्यात उरलेली नव्हती.

मग आदेश निघाला. खोऱ्यातल्या सगळ्या जुन्या राण्या मारायच्या, कारण जुन्या पेट्यांतले नर नव्या राण्यांना लागले तर गोळा करणारी पिढी पुन्हा जन्माला येणार.

फाटकापाशी आवाज ऐकून शेजारचे कोंडीबा शेलारही आले. ते गावचे सरपंच, वैजयंताच्या नवऱ्याचे लहानपणापासूनचे सोबती. नवरा गेल्यावरही त्यांचं येणं-जाणं राहिलं होतं. हल्ली मात्र ते तिच्याशी तुटक बोलत.

"वैनी, हट्ट सोडा आता. पैल्या साली माझ्या चौदा पेट्या आठ दिवसांत गेल्या. यंत्र आलं तवा कुठं नव्या टिकल्या. तुमच्या एकटीपायी सगळ्या खोऱ्याची जात बिघडायची."

"भाऊजी, त्याच साली माझ्या किती गेल्या?"

"नऊ."

"एकतिसातल्या नऊ. ह्या बावीस यंत्राबिगर राहिल्या. का राहिल्या, कुणी इचारलं का?"

 वैजयंता ओसरीवरून पत्र्याचा डबा घेऊन आली आणि फाटकाच्या दगडी खांबावर पालथा केला. मेलेल्या तांबड्यांचा ढीग पडला.

"ह्या महिन्यातल्या आहेत. पेट्यांपुढं झाडून काढलेल्या."

शर्वरीनं एक उचलून उलटी केली. "मेलेली माशी कशानं मेली ते सांगत नाही, आई. कुणी औषध फवारलं असेल. म्हातारी होऊन पडली असेल."

"म्हातारपण काढायला माझ्याच दारात येत्यात व्हय?"

कामगारांपैकी एकजण हसला आणि परांडेकरांनी पाहिल्यावर गप्प झाला. वैजयंताला हसू आलं नाही. तिनं लेकीकडं पाहिलं. "यंत्र तपासायला जिवंत तांबड्या आणल्या असशील. एक माझ्या पेटीपुढं धर. माझ्या माश्यांनी मारली नाही तर बाविसच्या बावीस राण्या मी माझ्या बोटांनी चिरडीन. तुम्हाला हात लावायला नको."

शर्वरी फाटकाला टेकली. आवाज खाली आणून, फक्त आईला ऐकू जाईल असं बोलली. "मी मोजलंय गं. तुझ्या माश्या भाजून मरतील. आणि ज्या वाचतात ना गोळ्यातून, त्याही फार दिवस जगत नाहीत. पुढच्या खेपेला त्याच आधी धावतात, अगदी मधोमध शिरतात आणि उरलेला जीवही तिथंच घालवतात. मी ते बघितलंय. ते थांबावं म्हणून ती राणी केली. मला वाटलं होतं, तुला बरं वाटेल."

वैजयंताला त्या क्षणी पोरीची कीव आली, आणि रागही. लहानपणी मेलेल्या माश्या ओंजळीत घेऊन रडणारी हीच पोर.

"माशीचा जीव वाचवायला तिची ताकदच काढून घेतलीस," ती म्हणाली. "एकदा तिला लढताना नीट बघ, पोरी. मग काय करायचं ते कर."

परांडेकरांनी घड्याळ पाहिलं. "एक गांधील. एकच. त्यानंतर फाटक उघडायचं."

वैजयंतानं खुरपं काढलं.

तिनं निवडलेली पेटी रांगेतली सर्वांत दांडगी होती. ती दगावली तर उरलेल्या एकवीस वाचवण्यात काही अर्थ नव्हता, हे तिनं मनाशी मान्य केलं होतं. शर्वरीनं नळीतली तांबडी चिमट्यानं धरली, तिच्या कमरेला केसाएवढी तापमापक तार बांधली आणि तारेचं दुसरं टोक हातातल्या पडद्याला जोडलं. तार दोन गोष्टी सांगणार होती: किती तापलं, आणि गांधील अजून हलते आहे का.

तांबडी दाराच्या फळीवर टेकली. पहारा देणाऱ्या दहा-बारा माश्यांनी एकदम पोटं हलवली. फळीवरून एक लाट गेल्यासारखी दिसली. पेटीच्या आतून फुत्कारल्यासारखा आवाज आला. तांबडीनं एकीचं डोकं छाटलं, मग दुसरीचं. पुढच्या क्षणाला ती दिसेनाशी झाली. तिच्या जागी नारळाएवढा तपकिरी, जिवंत गोळा होता.

"चाळीस," शर्वरी वाचू लागली. "त्रेचाळीस... पंचेचाळीस."

"देशी असती तर संपली असती," कोंडीबा पुटपुटले.

तार थरथरतच होती. पाच मिनिटं झाली, सात झाली. आकडा शेहेचाळिसावर येऊन रेंगाळला. गोळ्याच्या बाहेरच्या थरातून एकेक माशी सुटून खाली पडू लागली. वैजयंतानं आधी मोजल्या. वीस झाल्यावर मोजणं सोडून दिलं.

"शेहेचाळीस पूर्णांक तीन," शर्वरी म्हणाली.  "आई, तिला काही होत नाहीये. अजून पावणेदोन अंश तरी हवेत. तेवढं चढणार नाही. सोडव त्यांना."

कोंडीबांनी पाण्याची झारी उचलली. चार थेंब शिंपडले की गोळा फुटतो.

"भाऊजी, झारी खाली ठेवा."

"वैनी, डोळ्यांदेखत मरायल्यात त्या!"

"मला दिसतंय. खाली ठेवा."

तिला भीती वाटत नव्हती असं नाही.  पोरगी बरोबर असेल, हे आजवर शंभरदा तिच्या मनात येऊन गेलं होतं. दोन वर्षं तिनं मेलेल्या तांबड्या झाडल्या होत्या, पण गोळा शेवटपर्यंत उभं राहून असा कधी पाहिला नव्हता. कामाच्या गडबडीत कोण पाहतं? काय करावं ते न सुचून तिनं नुसता तळहात गोळ्याजवळ नेला, अगदी लागून.

ऊब लागली. पण नुसती ऊब नव्हती. भाताच्या पातेल्यावरचं झाकण सरकवावं तशी ओलसर, गच्च हवा होती. श्वास कोंडल्यासारखी.

"शर्वरी, हात आण. हितं धर."

शर्वरीनं हात धरला. दोन क्षण ती तशीच उभी राहिली. मग तिचा चेहरा बदलला.

"दमट आहे," ती म्हणाली. "आई... हा श्वास आहे त्यांचा."

तिनं पिशवी उपडी केली, इंजेक्शनची सुई शोधली, गोळ्याच्या पोटात हळूच खुपसून थोडी हवा ओढून घेतली आणि हातातल्या तपासणी यंत्रात सोडली. ती आकडा वाचत असतानाच पडद्यावरची दुसरी रेघ सपाट झाली.

तार थांबली होती. शेहेचाळीस पूर्णांक सहा. अकरावं मिनिट.

गोळा आणखी थोडा वेळ तसाच राहिला, मग सैल झाला. माश्या आत परतल्या. फळीवर तांबडी पाय आखडून पडली होती आणि तिच्याभोवती मेलेल्या सातेरी. वैजयंतानं त्या एकेक वेचून परातीत घेतल्या. एकशे अठरा भरल्या.

"एका माशीवरून आदेश बदलत नसतो," परांडेकर म्हणाले.

"बरोबर आहे," शर्वरी म्हणाली. "माझ्याकडं अजून सहा आहेत."

दुपारपर्यंत त्या सहाही झाल्या. वेगवेगळ्या पेट्या, दर वेळी तार, दर वेळी सुई. पाच मेल्या, कुणी दहा मिनिटांत, कुणी चौदा. एक सुटली. अठराव्या पेटीचा गोळा विरळ होता. तांबडीनं तो फाडला, चाळीसेक माश्या कापल्या आणि कमरेच्या तारेसकट उडून गेली. वैजयंतानं तेही लिहून घ्यायला लावलं.

ओसरीवर चहा झाला तेव्हा शर्वरीनं सगळ्यांना समजावलं. गरम कपाटातली हवा स्वच्छ आणि कोरडी असते. गोळ्यात पाचशे माश्या एकमेकींना चिकटून जीव तोडून श्वास सोडतात. आतली हवा ओली होते आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा शंभरपट साचतो. अशा कोंडलेल्या हवेत तांबडीचं शरीर उष्णता सोसू शकत नाही. जी कोरड्या हवेत अठ्ठेचाळीस सहज काढते, ती इथं साडेशेहेचाळिसाला संपते. सातेरी मात्र त्या हवेला सरावलेली. तिचं घरच तसं कोंदट असतं.

"म्हंजे तुझा आकडा चुकला?" कोंडीबांनी विचारलं.

"आकडा नाही चुकला, काका. मी चुकले." तिनं कप खाली ठेवला. "जुन्या गांधिलीबद्दल असं कुणीतरी फार पूर्वी लिहून ठेवलंय. मी वाचलंही होतं. पण अहवाल तीन आठवड्यांत हवा होता. म्हटलं, फरक थोडाच पडेल. तपासलंच नाही. आणि त्यावर..." तिनं दाराबाहेरच्या थंड पेटाऱ्याकडं पाहिलं. 

वैजयंता तिच्याजवळ सरकली नाही. पाठीवरून हात फिरवावा असं वाटत असूनही नाही. "लिहून दे," ती म्हणाली. "हितं, आता."

"त्यानंतर माझी नोकरी राहील असं वाटत नाही, आई."

"मला कळतंय ते."

शर्वरीनं मांडीवर पडदा घेतला. पहिलंच वाक्य तिनं असं लिहिलं की शांत राणीमागचा आपला निष्कर्ष चुकीचा होता आणि तो आपण मागे घेत आहोत. परांडेकरांनी ते खांद्यावरून वाचलं, टोपी चढवली आणि कामगारांना गाडीत बसायला सांगितलं.

"आज फाटक बंद होतं, असं लिहितो मी," ते म्हणाले. "पंधरा दिवस. जास्त नाही जमणार."

उत्तर दहाव्या दिवशी आलं, तीन ओळींचं. अहवाल विचाराधीन आहे. आदेश कायम आहे. संबंधित संशोधकाला प्रकल्पातून मुक्त केलं आहे. शर्वरी दोन ट्रंका घेऊन तांबडखोऱ्यात आली. पहिले दोन दिवस तिनं ट्रंका उघडल्याही नाहीत. तिसऱ्या दिवशी तिनं गोठ्याच्या भिंतीला टेबल लावलं आणि हवेचं यंत्र मांडलं.

त्याच संध्याकाळी कोंडीबा आले. उंबऱ्याबाहेरच थांबले.

"वैनी, परवा परांडेकर पोलीस घेऊन येणारेत."

"माहीत हाय मला."

"बावीस पेट्या एका अंगणातनं उचलायला अर्धा तास लागतो." त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. "एक माझ्या अंगणात ठेवा."

"भाऊजी, तुम्ही सरपंच. तुमच्यावर पैली कारवाई व्हईल."

"मी ती झारी उचलली होती," ते म्हणाले. "तुम्ही नसतं अडवलं तर मी गोळा फोडला असता आणि जन्मभर म्हनलो असतो, बघा, जमलं न्हाई त्यास्नी. ते माझ्या डोक्यातनं जात न्हाई. आन् धुक्यात ते यंत्र झोपतं तवा माझ्या नव्या माश्या कोपऱ्यात दडून बसत्यात, मरस्तवर. मी बघत उभा राहतो. आता न्हाई बघवत."

सूर्य कलला, माश्या घरी परतल्या तशी दारं जाळीनं बंद करून पेट्या निघाल्या. कोंडीबांनी पहिली स्वतःच्या खांद्यावर घेतली. वैजयंतानं कुणाला विचारलं नव्हतं. तरी एकेका घरातलं माणूस आपणहून आलं आणि अंधार पडायच्या आत अंगणात एकही पेटी शिल्लक नव्हती. ओढ्याकाठच्या शकुंतला मोरेनं, जिनं वर्षभर तिच्याशी अबोला धरला होता, अठरावी, विरळ गोळ्याची पेटी मागून नेली. "हिला जरा चांगल्या झाडाखाली ठेवते," एवढंच बोलली.

ठरल्या दिवशी परांडेकर आले, दोन शिपायांसह. रिकामं अंगण पाहून त्यांनी वही काढली. वैजयंतालाच बरोबर घेऊन घरोघर निघाले.

"पेटी माझी. राणी जुनी. बदलायची न्हाई," कोंडीबा म्हणाले.

"आमचीच पेटी. जुनी राणी. नाही बदलणार," शकुंतला म्हणाली. तिचे हात पिठानं भरलेले होते आणि ती दारातून हलली नाही.

पाचव्या घरापर्यंत परांडेकर आदेश वाचून दाखवत होते. सहाव्यापासून त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि नकार देणाऱ्यांची नावं लिहून, त्यापुढं सही घ्यायला सुरुवात केली. नियम तसा होता. नकार देणाऱ्यावर खटला. कुणी अंगठा दिला नाही, सगळ्यांनी पूर्ण नावं लिहिली. दुपारी बाविसावं घर झालं.

त्यांनी वही मिटली. "उतेकरबाई, तुमच्याकडं आता पेटीच नाही. तुमचं नाव यात येत नाही. तुम्ही सुटलात."

त्यांना ते चांगल्या मनानं म्हणायचं होतं, हे वैजयंताला कळलं. तिनं हात पुढं केला.

"वही उघडा, साहेब. तेविसावं लिहा. वैजयंता उतेकर. पेटी नाही. राणी बदलायची नाही."

 शर्वरी मागून येऊन आईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"चोविसावं माझं," ती म्हणाली. "लिहा."